जमिनीवर पडलेली सुरी

क्यूबातल्या पिनार देल रिओच्या त्या चिरूट कारखान्यात कामाच्या वेळी मोठ्यानं वाचायचं पुस्तक मतं घेऊन ठरतं. या खेपेला निवडून आलं एक पोराटोरांचं पुस्तक. सुचवलं होतं मिग्दालियानं. बाई नवीन लागलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एलिएसेरकाका सगळ्यांत जुने, त्यांनी तिची यथेच्छ टर उडवली. "आई बगळी होते म्हणे. उद्या आपला मुकादम पोपट होईल." सगळे हसले, पण मतं पुस्तकालाच पडली.

वाचणारी बेल्किस चौथऱ्यावर बसली आणि सुरू झाली. काका चिरूट वळत, ऐकत नसल्यासारखं दाखवत बसले. पुस्तकातली पोर रोज तळ्यावर जाते, भात टाकते. बगळी झालेली आई भात खाते आणि पोरीकडे परक्यासारखी बघते. काकांचा हात थांबला. त्यांची आईही शेवटी शेवटी त्यांच्याच हातून जेवायची आणि विचारायची, "तुम्ही कुणाचे हो?" काकांचे डोळे भरून आले. आता काय करावं माणसानं, भर कारखान्यात, एका बगळीपायी? घाईघाईनं डोळे पुसायला गेले, तर पान कापायची सुरी हातातून निसटली आणि खण्णकन जमिनीवर पडली.

इथं वाचन आवडलं की सुरी पाटावर वाजवतात. जमिनीवर टाकली, तर पुस्तक नापास. काकांनीच टाकली म्हटल्यावर तरण्या पोरांनीही धडाधड टाकल्या. बेल्किसनं पुस्तक मिटलं. "बरं. उद्या दुसरं निवडू."

निसटली, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का निसटली, तेही सांगणं आलं. काका मान खाली घालून पान चाचपत राहिले. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

सुटी झाल्यावर त्यांनी मिग्दालियाला फाटकाशी गाठलं. "पोरी, ती आई ओळखते का गं शेवटी?"

तिनं बेल्किसकडून परत आलेलं पुस्तक पिशवीत कोंबलं. "राहू द्या, काका. नाही आवडलं तर नाही आवडलं. माझं मन राखायला कशाला विचारता?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून पोरांचा घोळका आला. एकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय सुरी टाकलीत, काका. मानलं तुम्हाला."

आणि काका हसले. तिच्यादेखत.