सतरा नंबरची उलटी फेरी

मी थापा मारतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. वाघाच्या नाकात तपकीर कोंबून मी त्याला पळवून लावलं, पुरात दाराच्या फळीवर बसून ऑफिसला गेलो, हे सगळं मीच सांगत आलोय. पण पोलीसखात्यात गाडी चालवत होतो तेव्हा मी एकदाच, तेही लेखी, खरं बोललो. नेमकी त्याचीच शिक्षा झाली.

सतरा नंबरची गस्तीची गाडी सकाळी चौकीच्या फाटकातून मागे घेत होतो आणि गिअर रिव्हर्समध्ये अडकला. दांडा काही केल्या हलेना. तेवढ्यात फाटकासमोरून एक चोर शिंप्याचं मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून पळाला. मागे शिंपी बोंबलत. माझ्या हातात गाडी होती, पण ती एकाच दिशेला जाणारी. मान वळवली आणि तशीच काढली मागे. चोर वळून बघायचा तर त्याला गाडीची पाठ दिसायची. त्याला वाटलं, पोलीस चालले दुसरीकडेच. तो निवांत पायडल मारू लागला. पाठ मात्र मोठी मोठी होत गेली. गावाला चकरा मारत आम्ही अकरा किलोमीटर काढले. शेवटी पठ्ठ्या चौकीसमोरच्या नळावर पाणी प्यायला थांबला. सगळे पोलीस बाहेर गेलेत म्हटल्यावर त्याहून सुरक्षित जागा कुठली? ओंजळ तोंडाला लावलेली असतानाच त्याला धरला.

संध्याकाळी लॉगबुक भरलं. त्या गाडीचं मीटर केबलवर चालायचं, चाकं उलटी फिरली की आकडेही उलटे. सकाळी ४८२१२, संध्याकाळी ४८२०१. दिसलं ते लिहिलं. अकरा वाढवून लिहिले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. तेव्हाचे साहेब म्हणाले, "मीटर कधी मागे जातं का रे?" आणि माझ्या सेवापुस्तकात शेरा पडला: 'मीटरमध्ये फेरफार.' गाडी काढून घेतली. निवृत्तीपर्यंत मी दुसऱ्यांच्या गाड्या धूत बसलो.

तीस वर्षांनी एका भंगारवाल्याकडे मला सतरा नंबर दिसली. टायर नाहीत, अंगावर पोपटी रंग, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. ओढून घरी आणली. मुलगा आणि सून हसले, पण सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाईंचा जन्म सरकारी रेकॉर्डरूममध्ये गेलेला. कागद दाखवल्याशिवाय त्या सूर्य उगवलाय हेसुद्धा मानत नाहीत.

"व्याहीबुवा, ही सतरा नंबरच कशावरून?"

"दाराच्या आत रंगात माझा अंगठा उमटलाय."

"अंगठा सगळ्यांनाच असतो. चेसिस नंबर काय?"

पदर खोचून त्या स्वतः बॉनेटखाली वाकल्या आणि गंजलेल्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासली. मग आठ दिवस गायब. जुने गठ्ठे कुठल्या तळघरात जातात हे त्यांना पाठ होतं. "कागद मरत नाही, त्याची फक्त बदली होते," असं म्हणत त्या परतल्या, त्या त्याच चेसिस नंबरचं जुनं लॉगबुक घेऊनच. सोबत खात्याच्या वर्कशॉपची चिठ्ठी: त्याच तारखेची, 'गिअर रिव्हर्समध्ये अडकलेला, मोकळा केला.'

तोवर मी पॉलिश पेपरने रंग उतरवत होतो. पोपटीखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली पांढरा, आणि सगळ्यांत खाली आमचा निळा. पेंटर म्हणाला, "काका, मीटर नवं टाका, स्वस्तात देतो." मी म्हणालो, "हात लावलास तर तुलाच निळा रंगवीन." विहीणबाईंनी भिंग घेऊन मीटरच्या मागचं शिशाचं सील पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छाप खात्याची आहे. सील कधी तुटलेलंच नाही. म्हणजे तुम्ही खरं बोलत होतात की काय?"

"एकदाच."

"सवय लागायच्या आत थांबलात, बरं झालं."

गाडी चकचकीत झाली आणि बातमी खात्यात पोचली. त्यांचं वर्धापनदिनाचं संचलन होतं. हल्लीचे तरुण साहेब स्वतः आमच्या अंगणात आले. "आजोबा, संचलनात ही गाडी सगळ्यांत पुढे हवी."

"नेऊ की. तेवढा शेरा खोडा."

त्यांनी लॉगबुक पाहिलं, चिठ्ठी पाहिली, सील पाहिलं, आणि हसले. "मीटर मागे जातं हे वर कोण मानणार? तीस वर्षं झाली. आता शेऱ्याने तुम्हाला काय फरक पडतो?"

"मग खोडायला तुम्हाला काय फरक पडतो?"

ते घड्याळाकडे बघू लागले. मी म्हणालो, "येतो. पण गाडी मी चालवणार, मागे तुम्ही बसणार, आणि लॉगबुक नियमाप्रमाणे भरायचं." एवढंच ना, म्हणाले साहेब.

मैदानावर बॅन्ड, खुर्च्या, अर्धं गाव. साहेब मागे बसले. विहीणबाई माझ्या शेजारी, मांडीवर लॉगबुक. "सुरुवातीचं रीडिंग बघून सही करा, साहेब." साहेबांनी वाकून आकडा पाहिला, सही केली.

मी क्लच दाबला आणि रिव्हर्स टाकला.

बॅन्डवाले आमच्या मागोमाग यायचे होते, ते आता आमच्यापुढून पळू लागले. ढोलवाला सगळ्यांत शेवटी, ढोलासकट. "आजोबा, अहो सरळ घ्या," साहेब म्हणाले. "सरळच चाललोय साहेब, तुमची तोंडं उलटी आहेत." पूर्ण पाच फेऱ्या मारल्या, मान वळवून. म्हातारी मान कुरकुरली, पण विसरली नव्हती. खुर्च्यांमधून आधी हशा आला, मग टाळ्या.

थांबलो. विहीणबाईंनी लॉगबुक पुढे केलं. "शेवटचं रीडिंग."

साहेबांनी मीटरकडे पाहिलं. मग आपल्याच सहीकडे. आकडा दोनाने कमी होता. पेन हवेतच राहिलं.

"दिसतंय तेच लिहा," विहीणबाई म्हणाल्या. "वाढवून लिहिलंत तर ती खोटी नोंद. बघायला गाव बसलंय."

साहेबांनी लिहिलं आणि सही केली.

"आता दोनच वाटा," मी म्हणालो. "एक तर माझ्या पुस्तकातला शेरा खोडा, नाहीतर तोच शेरा तुमच्या पुस्तकात चढवा. मी गाडी धुवायला शिकवीन, हातखंडा आहे."

साहेब माणूस वाईट नव्हता. सेवापुस्तक त्यांनी बसल्या जागी मागवून घेतलं आणि शेऱ्यावर आडवी रेघ मारली. "रेघेशेजारी तारीख," विहीणबाईंनी बोट ठेवलं. तारीखही पडली.

तेव्हापासून ही गोष्ट मी उजळ माथ्याने सांगतो. परवा कट्ट्यावर रंगात येऊन म्हणालो, चोराचा पाठलाग बारा किलोमीटर केला, तेही वादळात.

"अकरा," मागून आवाज आला. "वादळाचा कागद दाखवा."