आधी चावी

मी विमानतळावर काम करते. काउंटरवर बसून लोकांची ओझी तोलायची आणि त्यांना हसतमुखाने विमानात धाडायचं, यावर माझं पोट चालतं. आणि माझ्या स्वतःच्या बापाला मात्र मला विमानात बसवता येत नव्हतं, कारण त्यांच्या डोळ्यात गॅस भरला होता.

हे ऐकून लोकांना आधी हसू येतं. मलाही आलं होतं. अण्णांच्या डाव्या डोळ्यातला पडदा सुटला, ऑपरेशन झालं, आणि पडदा जागच्या जागी चिकटून राहावा म्हणून डॉक्टरांनी आत गॅसचा एक बुडबुडा सोडला. तो विरेपर्यंत मान खाली. जेवताना खाली, बोलताना खाली, झोपायचं तेही पालथं. जन्मभर कुणापुढे मान न झुकवलेला माणूस दिवसभर स्वतःच्या चपला बघत बसायचा. विमान तर सक्त मना. वर गेलं की हवेचा दाब उतरतो, बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जातो.

नेमका तेव्हाच आत्याचा निरोप आला. आत्या अण्णांची थोरली बहीण, डोंगरांच्या पार पलीकडे राहणारी. तिचं हृदय थकलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. हॉस्पिटलमधून तिने स्वतः फोन केला. धाप लागत होती, पण जीभ तशीच होती.

"त्याला म्हणावं, पालथा ये, पण ये. मी काही फार वाट बघणार नाही."

अण्णा म्हणाले, "जाऊ दे एक डोळा. दुसरा कशाला दिलाय?"

"दुसऱ्यात मोतीबिंदू आहे," आई म्हणाली. "तो विसरलात वाटतं?"

म्हणून गाडी. त्यातही सरळ रस्ता रेल्वेसारखाच डोंगरावरून जाणारा, आणि डॉक्टर म्हणाले, उंची ती उंचीच, विमानाची काय नि घाटाची काय. म्हणजे अख्ख्या डोंगररांगेला वळसा घालून सपाटीने जायचं. नकाशा बघून माझं डोकंच फिरलं. पण कुणावर चिडणार? डॉक्टरवर, डोंगरावर, की बुडबुड्यावर?

चालवणारी मी एकटी. अण्णांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, घरात मात्र मी सोडून कुणी शिकलं नाही. आईने पहिल्याच दिवशी गाडी मागे घेताना डोळे मिटून घेतले आणि तो विषय तिथेच संपला. धाकट्या भावाला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. परवान्याच्या परीक्षेत त्याने साहेबांना गप्पांत असं गुंगवलं की दोघेही लाल सिग्नल ओलांडून गेले. त्यामुळे मी एकटीने विमानाने पुढे जावं, हा प्रश्नच उरला नाही. मी गेले असते तर आत्या मला दिसली असती. पण तिला मी नको होते, तिला तिचा भाऊ हवा होता.

आमच्या घरात एक नियम होता. अण्णांच्या गाडीत शिकणाऱ्याने कितीही गोंधळ घातला तरी ते चालत्या गाडीत 'हळू', 'आरसा बघ', 'क्लच' यापलीकडे बोलत नसत. शिकवणी संपली, इंजीन बंद झालं, की ते तळहात पुढे करायचे. "आधी चावी." चावी हातात पडली की मग चुका. हातात चाक असलेल्या माणसाला वाईट काही सांगायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. घरातही तेच चाले. कुणी हात पसरून "चावी" म्हटलं की काहीतरी वाईट ऐकायचंय, हे आम्ही ओळखायचो.

नियम मुळात आत्याचा. तरुणपणी ती एका बेकरीची पावाची गाडी चालवायची, त्याच गाडीत तिने अण्णांना शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बेकरीचं फाटक खरवडलं. ती चकार शब्द बोलली नाही. हात पुढे केला, चावी घेतली, पदराला पुसून ठेवली आणि मग असं झापलं की बेकरीतली माणसं पिठाच्या हातांनी बाहेर आली. हा किस्सा अण्णा दर वेळी नव्याने सांगत आणि दर वेळी फाटक थोडं मोठं होई.

निघालो. अण्णा मागच्या सीटवर, पुढच्या सीटच्या पाठीला उशी बांधलेली, तिच्यावर कपाळ टेकून. शेजारी आई, मांडीवर डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली. पुढे रेडिओ, अखंड चालू. अण्णांना रस्ता दिसत नव्हता, पण इंजीन ऐकू येत होतं.

"तिसरा गिअर लवकर टाकलास."

"अण्णा, तुम्ही खाली बघा."

"खालीच बघतोय. कान खाली घालायला सांगितलं नाही डॉक्टरांनी."

एक रात्र वाटेत एका लॉजवर काढली. सकाळी आत्याच्या मुलाचा फोन आला, की ती शुद्धीवर आहे आणि विचारतेय, पालथे कुठवर आले? अण्णा उशीत तोंड खुपसून हसले. मी त्या दिवशी गाडी पळवली. आपण पोचणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी पेट्रोल भरायला थांबलो. मी काच पुसत होते. रेडिओ फोन कानाला लावून हवा भरायच्या मशीनपलीकडे गेला. आला तो हातात केळी घेऊन, कुणी मागितली नसताना. मागच्या खिडकीशी वाकून अण्णांशी काहीतरी बोलला, मग पुढे येऊन बसला आणि पट्टा लावला.

"काय म्हणतायत तिकडे?" मी विचारलं.

"काही नाही. तू चल."

तिथून पुढे सगळं बिनसलं. आधी आईला चहा हवा झाला. मग तिचे पाय आखडले. मग पुन्हा चहा. अण्णा सारखे "हळू" म्हणू लागले, मोकळ्या रस्त्यावरसुद्धा. पुढे रस्त्याचं काम निघालं आणि ट्रकांच्या मागे आम्ही नुसते उभे. डोक्यावरून एक विमान गेलं. आमच्याच कंपनीचं, शेपटीवरून ओळखलं. मी हॉर्न दाबून धरला. पुढचा ट्रकवाला उतरून आला, माझ्याकडे बघितलं आणि परत गेला. हलायला जागाच नव्हती, तो तरी काय करणार?

रस्ता सुटला आणि आई म्हणाली, "कुठे जरा थांबायचं का गं? दोन घास खाऊन घे तू."

माझा ताबा सुटला. "तिकडे ती डोळे लावून बसलीय आणि तुम्हाला खाणं सुचतंय? बहीण तुमची आहे की माझी? मी मरमर मरतेय आणि तुम्ही सहलीला निघाल्यासारखे! अण्णा, तुम्ही तरी बोला की!"

आरशात मला अण्णांची फक्त मान दिसत होती. आई त्यांच्या तोंडाखालचा टॉवेल बदलत होती.

"आरसा बघ," अण्णा म्हणाले. "मागून ट्रक येतोय."

खरंच येत होता. मी बाजू दिली. रेडिओने एक केळं सोललं आणि माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. मग तो ते हातातच धरून बसला, काळं पडेपर्यंत. हा मुलगा इतका वेळ गप्प बसू शकतो हे मला माहीत नव्हतं. पण मला तेव्हा त्याच्याकडे बघायला फुरसत कुठे होती? मला पोचायचं होतं.

दिवेलागणीला शहर आलं. पहिल्या मोठ्या चौकातून हॉस्पिटलला डावीकडे वळायचं, हे मी रात्रीच पाठ करून ठेवलं होतं. मी डावा सिग्नल दिला.

"ताई," रेडिओ म्हणाला. "डावीकडे नको."

"का? डावीकडेच आहे."

"सरळ घे. आत्याच्या घरी."

"घरी काय आहे? आधी हॉस्पिटल!"

"बाजूला घे," अण्णा मागून म्हणाले. आवाज अगदी शिकवणीतला.

मी एका बंद दुकानापुढे गाडी घेतली.

"न्यूट्रल. ब्रेक. बंद कर."

मी बंद केली नाही. दोन सीटच्या मधून अण्णांचा हात पुढे आला. तळहात वर, बोटं थोडी वाकलेली. मान अजून उशीतच.

"चावी," ते म्हणाले.

मला कळलं. काही सांगायची गरज राहिली नाही. तरी मी म्हणाले, "अजून पोचलो नाही, अण्णा."

"माहीत आहे."

"पोचल्यावर देते."

हात तसाच राहिला. इंजीन चालू होतं तोवर कुणी काही सांगणार नव्हतं, आणि सांगितलं नाही तोवर आत्या डावीकडे हॉस्पिटलात माझी वाट बघत होती. मी तेवढा वेळ खाऊन घेतला. मग आई हुंदका गिळायला गेली आणि तो गिळला गेला नाही. मी इंजीन बंद केलं आणि चावी त्या हातावर ठेवली.

"कधी?"

"दुपारी," अण्णा म्हणाले. "केळी घेतली तेव्हा."

म्हणजे मी कापलेला तो सगळा रस्ता, ते हॉर्न, ती बोलणी, सगळं आता नसलेल्या माणसासाठी. आणि हे तिघे ऐकत बसले होते. अण्णा तर तोंड वर करून रडूही शकत नव्हते. मी मागे वळले. उशीला बांधलेला टॉवेल दोन्ही डोळ्यांखाली भिजला होता. औषध एकाच डोळ्यात घालायचं होतं.

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. जमलं नाही. मी मागे हात टाकून त्यांच्या पाठीवर ठेवला, तेवढंच हाताला लागत होतं. रेडिओ ते काळं केळं हातात धरून रडत होता. बाहेर माणसं आपापल्या घरी चालली होती.

शेवटी आई डोळे पुसून म्हणाली, "चला. तिकडे सगळे खोळंबलेत."

जायलाच हवं होतं, आणि चालवणारी पुन्हा मीच होते. मी सरळ बसले, पट्टा लावला आणि हात मागे केला.

"अण्णा, चावी द्या."

"देतो," अण्णा म्हणाले.

त्यांची मूठ दोन सीटच्या मधे तशीच होती. मी बोटं सोडवायला गेले, तर त्यांनी ती आणखी घट्ट मिटली.