सकाळची फवारणी

गोदामात खिळ्याला लटकलेला, पट्टा तुटलेला निळा डबा दिसतोय ना मित्रांनो, तो मी. फवारणीचा जुना पंप. माझ्या पोटात सोळा लिटर मावतात. त्यात काय भरायचं हे मला कधी कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्यामुळे आमचं छान जमलं.

भोपळ्याच्या या शेतात मला नानांनी आणलं. शेणखत घालून घालून त्यांनी माती लोण्यासारखी केली होती. मला मात्र ते दिवस कलल्यावरच पाठीवर घेत. भोपळ्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढा वेळ माश्यांचा, असं ते म्हणत. बांधावर त्यांच्या लेकीच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या. तिचं घर त्यांवरच चालायचं.

नाना गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या पाठीवर आलो. त्याची कारखान्यात दुपारपाळी, म्हणून तो सकाळीच फवारायला निघाला.

"दादा, फुलं उघडी आहेत रे. औषध संध्याकाळी मार," बहीण बांधावरून म्हणाली.

"संध्याकाळी मी कामावर असतो. तुझ्या माश्यांना एक दिवस रजा दे."

"त्या निघाल्या कधीच. आता काय हाका मारू?"

तो हसला आणि माझा दांडा हलवू लागला. मी इमानाने काम केलं. दुपारी बहीण पेट्यांसमोरच्या मेलेल्या माश्या सुपलीत भरत होती.

पुढे वेलींवर फुलं येत राहिली आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळत राहिली. मातीत दम उरला नाही, असं निदान दादाने केलं आणि खताची पोती ओतली. पानं परातीएवढी झाली. मातीने ताट वाढून ठेवलं होतं. जेवायला फळच धरत नव्हतं.

शेवटी त्याने बहिणीला विचारलं. तिने त्याच्या हातात रंगाचा ब्रश ठेवला.

"नर फुलातली पिवळी पूड मादी फुलाला लाव. एकेका फुलाला."

"अख्ख्या शेताला?"

"माश्या करायच्या."

त्याने गुडघ्यांवर बसून एक ओळ केली. त्या वर्षी तेवढ्याच ओळीला भोपळे लागले. बहीण रिकाम्या पेट्या तिथेच ठेवून कापडाच्या दुकानात कामाला लागली.

मित्रांनो, माझा कोणी भाऊबंद तुमच्या घरी असेल, तर त्याला उचलण्याआधी फुलात डोकावून बघा. आम्हाला आपणहून थांबता येत नाही.

दादाने आता नवा पंप घेतलाय, पाळीही बदलून घेतली आहे. तो न चुकता संध्याकाळीच फवारतो. सकाळी फुलं उघडतात, दुपारपर्यंत वाट बघतात आणि मिटतात.