शेगडी आणि डबा

“पाच,” मी म्हणाले.

“पाच चुका?” मामाने डोळ्यांवरचा रुमाल सोडला.

“पाच बरोबर, दहापैकी. नुसतं नाणं उडवलं असतंस तरी साधारण एवढेच आले असते.”

मामा हसला, पण अर्धाच. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेले कान भाचीने नापास केले होते.

पैज त्याचीच. टेबलावर जागा एकाच अँप्लिफायरपुरती होती. एक त्याने लग्नाच्या वर्षी स्वतः जोडलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा. तो तापायचा, म्हणून मामी त्याला शेगडी म्हणायची. दुसरा लेकाने पाठवलेला, ट्रान्झिस्टरचा, चपटा आणि थंड. तो डबा. “डोळे बांधून ओळखतो! नाही ओळखलं तर शेगडी माळ्यावर,” असं मामा जेवताना बोलून बसला होता. मी कसर ठेवली नव्हती. मल्टिमीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठं वाजणारं कानाला उगाच गोड लागतं. क्रम नाण्याने ठरवला.

“शब्द म्हणजे शब्द,” मामा उठला. “शिडी आण गं.”

“चौथ्याला आणि सातव्याला तर हद्द केलीत,” कोपऱ्यात मटार सोलणारी मामी म्हणाली. “म्हणे डबा!”

मी कागद पाहिला. दोन्ही वेळा शेगडीच होती.

मग मामीची परीक्षा. मी पुन्हा दहा वेळा नाणं उडवलं. मटारावरची नजर न काढता तिने दहाच्या दहा ओळखले. नुसत्या नशिबाने असं हजारात एखाद्या वेळी घडतं.

“तुला सूर कधीपासून कळायला लागला?” मामा चाट पडला.

“सुराचं तुमचं तुम्ही बघा. गाणं सुरू व्हायच्या आधी शेगडी बारीकशी कण्हते. खुर्चीतून उठताना तुम्ही कण्हता ना, तश्शी.”

मी स्पीकरला कान लावला. होतं खरं. गुंऽऽ. आम्ही दोघं शहाणे गाण्याची वाट बघत बसलो होतो.

मामाचा चेहरा उजळला. दुखणं सापडलं होतं! “कपॅसिटर म्हातारा झालाय. दहा मिनिटांत गप्प करतो बघ.” त्याने शेगडीचा प्लग काढला, ड्रॉवरमधून नवा कपॅसिटर घेतला.

“खबरदार हात लावाल तर!” मामीने मटाराचं ताट खाली ठेवलं. “इतकी वर्षं स्वयंपाकघरात ते कण्हणं ऐकू आलं की मला कळतं, स्वारी घरी आली, बूट काढले, बसली.”

“अगं, पण पैज...”

“हरलात तुम्ही. जिंकली कोण? मी. मग काय ठेवायचं ते मी ठरवणार.” तिने डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “हा ने तुझ्या खोलीवर. लेकाला मी सांगते.”

मामाने कपॅसिटर परत ड्रॉवरमध्ये ठेवला. मामीने पदराला हात पुसून स्वतः प्लग लावला. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. आम्ही तिघं ते कण्हणं ऐकत बसलो. गाणं लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.