एका ओळीचं साइन-इन

जवळा बाजारजवळच्या वाडीत बसून अंगदने जगावर उपकार करायचं मनावर घेतलं होतं. एका मेसेजिंग ॲपला जोडायची प्रोग्रामिंग लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी वापरायच्या तयार प्रोग्रामांचा संच, तो फुकट सांभाळायचा. तिच्यातून ॲपमध्ये साइन-इन करायला बिचाऱ्या प्रोग्रामरांना चाळीस ओळी लिहाव्या लागत: नंबर विचारा, कोड मागवा, चुकला तर पुन्हा मागवा. अंगदने वर्षभर खपून त्यांची एकच ओळ केली. पुण्याची एक कंपनी खूश झाली. आज व्हिडिओवर ते चालवून दाखवलं की घरबसल्या नोकरी पक्की.

पण चाचण्यांच्या नादात त्याने इतक्यांदा साइन-इन केलं होतं की ॲपने त्यालाच भामटा ठरवून त्याचा नंबर अडवला होता. म्हणून त्याने आईचा नंबर टाकला. ओळ झोकात धावली. कोड आईच्या मोबाइलवर गेला, आणि आई, सुभद्राबाई, शेळी विकायला आठवडी बाजारात. चाळीस ओळी उडवणाऱ्या माणसाला आई घरात आहे का, एवढं बघायला सवड कुठली!

त्याचा मोबाइल लॅपटॉपला इंटरनेट पुरवण्यात गुंतलेला. त्याने शेजारच्या सोनाजीचा मोबाइल आणून आईला लावला. सोनाजीचा नंबर नवा होता, आईच्या ओळखीचा नव्हता.

"आई, मी अंगद. आत्ता आलेला कोड सांग."

"मागल्या बाजारी बी एक अंगदच बोलत व्हता. आवाज बी असाच. कोड कोणालाच द्यायचा न्हाई, असं माझ्या पोरानंच सांगून ठेवलंय."

"अगं, तो पोरगा मीच."

"मंग सांग, आपल्या काळ्या बोकडाचं नाव काय?"

व्हिडिओवर पुण्याचे साहेब कान देऊन ऐकत होते. अंगदने वर्षभर गोठ्यात पाऊल टाकलं नव्हतं.

"राजा," त्याने ठोकून दिलं.

"ठेव फोन, भामट्या."

साहेब पोटभर हसले, "कळवतो" म्हणाले आणि स्क्रीनवरून गेले.

दिवेलागणीच्या आधी आई परतली. अंगद तिच्यावर उखडला, "त्या बोकडाचं नाव तरी काय हाय?"

"विकायच्या जनावराला आपण कवा नाव ठेवलंय?" ती म्हणाली. "माझ्या लेकराला हे ठाव असतं."

अंगदला खरं तर आणखी चिडायचं होतं, पण त्याला लाजच वाटली. बादली उचलून तो बोकडांना पाणी दाखवायला गेला. त्याला बघताच काळा बोकड मागं सरकला.