पन्नास किलोची बायको

लग्न होऊन ती त्या घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने तिला काट्यावर उभं केलं. प्रेमाबिमाने नाही, कामासाठी. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. काटा बरोबर पन्नासावर थांबला. त्याने लोखंडी वजनं ठेवून ताडून पाहिलं, वीस, वीस आणि दहा. केसाचाही फरक नाही. झालं, तेव्हापासून गडी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, "लोकांच्या घरी बायका येतात, माझ्याकडे पन्नास किलोचं वजन आलंय. स्वतःच्या पायांनी चालतं, वर चहापण करतं."

गल्लीने तिचं नाव ठेवलं मापटं.

पुढे त्याची कंबर धरली. लोखंडी वजनं पलंगाखाली गेली, ती गेलीच. आता काटा कुठलाही येवो, हाक तिलाच. ती हात पुसत यायची, फळीवर उभी राहायची आणि डोळे मिटून घ्यायची. तो खाली बसून स्क्रू पिळायचा. आतली स्प्रिंग कुईं करायची, काटा पन्नासावर यायचा आणि तो म्हणायचा, "उतर." बावीस वर्षं असंच. कधी कधी तिला वाटायचं, आपण माणूस नाहीच, नुसता एक आकडा आहोत, आणि कुणी खिडकी उघडली तर वाऱ्याबरोबर निघून जाऊ.

मग एक दिवस पाण्याची बादली उचलताना मनगट मोडलं. साधी बादली. डॉक्टरीणबाईने फोटो उजेडात धरला आणि म्हणाली, "हाडं भुसभुशीत झालीत. हात जुळला की वजन उचलायला लागा."

टायरच्या दुकानाच्या वर बायकांसाठी व्यायामाची एक खोली होती. लोखंडी दांडे, आरसा, कोपऱ्यात काटा, आणि जाड मानेची एक शिकवणारी, जिची जीभ दांड्यापेक्षा कडक. पहिल्या दिवशी रिकामा दांडासुद्धा उचलेना. महिन्याभराने त्याला दोन चकत्या लागल्या. सकाळचं पिवळं ऊन जमिनीवर लांबट पडायचं. ती त्यात पाय रोवून उभी राहायची. दांडा वर जाताना कानात शांत शांत व्हायचं, पाण्याखाली गेल्यासारखं. दुपारी डोळा लागला की स्वप्नात तिच्या तळव्यांना मुळं फुटायची, फरशी फोडून खाली खाली जायची. खाली गार माती असायची. कुणी तिला उतर म्हणायचं नाही.

तीन महिन्यांनी बाह्या दंडाला काचायला लागल्या. घड्याळाचा पट्टा एक भोक पुढे गेला. शिकवणारीने तिला कोपऱ्यातल्या काट्यावर चढवलं.

"चौपन्न."

"तुमचा काटा बिघडलाय," ती म्हणाली.

"काटा धडधाकट आहे. अंगात मांस भरतंय तुमच्या. आनंद माना."

"मला काट्यातलं शिकवू नका. मी घरी रोज पन्नास भरते."

आणि ती भरतच होती, म्हणजे घरचा काटा तसं सांगत होता. सकाळी तो जरा पुढे गेला की नवरा म्हणायचा, "स्प्रिंग सैल पडली वाटतं," आणि स्क्रू अर्धा आटा फिरवायचा.

ती तणतणत घरी आली. नवऱ्याला तर तो अपमानच वाटला. पाना घेऊन तो तडक टायरच्या दुकानावर गेला, बायकोला काट्यावर उभं केलं, स्क्रू पिळला आणि पन्नासावर आणून सोडला. फुकट. वर शिकवणारीला म्हणाला, "बाई, काटा तेवढा आमच्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीतल्या सगळ्या बायका चार-पाच किलोंनी उतरल्या. एक तर आनंदाने भिंतीला टेकून रडली, बिचारी वर्षभर घाम गाळत होती. दोघींनी फोन करून नवऱ्यांना सांगितलं.

"सगळ्यांना एकदम काय झालं?" शिकवणारी डोकं खाजवत म्हणाली. "साथ आली का?"

मापटं हसली नाही. तिने बाहीत बोट घालून पाहिलं. जात नव्हतं.

घरी आली तेव्हा दुकानात आठ काटे रांगेने उभे होते. मोठ्या दवाखान्याचे. आदल्या दिवशी तिनेच उभं राहून लावून दिलेले. संध्याकाळी गाडी न्यायला येणार होती. नवरा आत आडवा झाला होता. दुपारचा उजेड आठ गोल काचांवर पडला होता, आणि आठही काटे शून्यावर गप्प बसले होते, आज्ञाधारक मुलांसारखे. ती त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. हे सगळे मलाच विचारून बोलतात, तिला वाटलं. मग मला खरं कोण सांगणार?

ती पलंगाखाली वाकली.

"काय करतेस?" नवरा दचकला.

"झोपा तुम्ही."

जळमटांतून तिने विसाचं वजन ओढलं आणि उचललं. उचललं गेलं. मग दुसरं. मग दहाचं. तिन्ही पहिल्या काट्याच्या फळीवर ठेवली. काटा थरथरत गेला आणि शेहेचाळिसावर थांबला.

नवरा दारात उभा होता. "गंजली असतील वजनं."

"गंजून चार किलो गळाली?"

त्याने दुसऱ्या काट्यावर ठेवायला लावली. शेहेचाळीस. तिसऱ्यावर शेहेचाळीस. तो स्टुलावर बसला. "कधीपासून?"

"व्यायाम लागला तेव्हापासून थोडं थोडं."

"आजवर एक काटा परत आला नव्हता माझा." मग काही सुचल्यासारखं त्याने वर पाहिलं. "असं कर, तू व्यायाम सोड. दोन महिन्यांत पन्नासावर येशील."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तोवर? तिथे वजन बघून औषध देतात, अहो. चौपन्नच्या माणसाला पन्नासचं देतील. आणि माझं मनगट परत मोडलं तर तुम्ही उचलणार बादल्या?"

"अगं, पण लोक काय म्हणतील? बायकोवर काटे लावत होता?"

"म्हणू देत. मी येणार नाही पन्नासावर. मला बरं वाटतंय इथं." हे म्हणताना तिने पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं.

तो त्या फरशीकडेच बघत राहिला. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. दुसऱ्यांदा वाजला. तिला वाटलं, हा आता काटे उचलून देणार. तो उठला, कमरेवर हात ठेवत दारापर्यंत गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "आज नाही, भाऊ. माझी चूक झालीय. उद्या या."

"साहेब ओरडतील."

"माझं नाव सांग."

त्या संध्याकाळी आठही काटे पुन्हा लागले. ती वजनं ठेवत गेली, तो स्क्रू सोडत गेला. मग तीन महिन्यांत बाहेर गेलेल्या काट्यांची तो बोटांवर मोजदाद करायला लागला. बोटं संपली.

"विसाचं एक घेतलं तरी चूक कळेल," तो म्हणाला. "पण ते घेऊन फिरायचं कसं?"

सकाळी तिने वजन पिशवीत घातलं आणि खांद्यावर टाकलं. रस्ता धुतल्यासारखा उजळ होता. तिची पावलं नीट वाजत होती.

"आधी व्यायामाच्या खोलीत," ती म्हणाली.

"तिथल्या बायका फाडून खातील मला."

"खाऊ देत. एकीला तर मीच सांगणार आहे, जी रडली तिला."

पाना हातात घेऊन तो मागून येत होता, धापा टाकत. "अगं, जरा हळू चाल ना."

ती थांबली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो जवळ येईपर्यंत उन्हात उभी राहिली.