गाळणीचं कापड

"हात नको लावू, आई! दुखतंय!" नीवेस किंचाळली, तसा ओतिलियाचा टॉवेल थांबला. पोरीच्या छातीत डावीकडे हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागत होती.

"एलिहिओ, इकडे ये. बघ हे." तिचा आवाज पार उतरला होता. "माझ्या गेलेल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं."

सहा वर्षांच्या लेकीच्या गाठीवर एलिहिओने बोट टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. ही गाठ त्याच्या ओळखीची होती. त्याच्या स्वतःच्या छातीत ती अशीच आली होती.

कारखान्यात तिचं कुणाला नवल नव्हतं. वेराक्रूझच्या रानातून बार्बास्कोचे कंद पोत्यांनी यायचे आणि त्यांपासून बायकांच्या शरीरात असतं ते द्रव्य करायचं, ही कंपनीची करामत. एलिहिओ लागला तेव्हा कंपनी म्हणजे मेक्सिको शहराच्या एका गल्लीतल्या तीन खोल्या होत्या आणि साहेबसुद्धा बाह्या सरसावून पिंप ढवळायचे. आता दाराशी परदेशी पाहुण्यांच्या मोटारी उभ्या असत. पण भुकटी उडायची ती उडायचीच, आणि ती नाकातोंडात जाऊन गड्यांच्या छात्या सुजायच्या. कपडे बदलताना मार्गारितो ओरडायचा, "सरका रे, बाईसाहेब आल्या! बसायला द्या त्यांना!" हसणाऱ्यांतले निम्मे स्वतःची छाती झाकायला दोन-दोन बनियन घालून असत.

पण ते घरात आलं कसं? एलिहिओ तिथेच अंघोळ करायचा, कामाचे कपडे तिथेच टाकायचा. तेवढ्यात ओतिलियाने पोरीच्या डोक्यातून शमीज घातला. जाड, पांढरा, काठावर बदकं भरलेला.

"काढ तो!" तो एवढ्या जोराने ओरडला की नीवेस रडायलाच लागली.

तो शिवला होता कारखान्यात द्रव्य गाळायच्या कापडाचा. विरलं की भट्टीत घालायचं, असा नियम. पण इतका चांगला सुती माल जाळवणार कुणाला? सगळेच पोटाला गुंडाळून घरी न्यायचे. ओतिलियाने तर ते दोनदा उकळलं होतं.

"डॉक्टरांना सांग," ती म्हणाली.

"कापड बाहेर कसं आलं, ते विचारतील. चोर ठरवून काढतील."

"काढू देत."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "कापड बंद केलं की गाठ उतरेल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?"

"म्हणजे मला माहीत नाही. इतक्या लहान पोरीला झालेलं मी अजून पाहिलेलं नाही." त्यांनी वही पुढे ओढली. "आणखी कुणी नेलंय?"

"नावं नाही सांगणार. पण घरोघरी जाऊन मी सांगून येतो."

नोकरी तिथल्या तिथे गेली. एलिहिओला भांडायचं सुचलंच नाही. तो पोतं घेऊन वस्तीत फिरला. कुणाकडे उशीचा अभ्रा निघाला, कुणाकडे भाकरी गुंडाळायचं फडकं. मार्गारितोच्या बायकोने आधी त्याचं बोलणं हसण्यावारी नेलं, मग पाळण्यातल्या बाळाखालचं दुपटं ओढून त्याच्या अंगावर फेकलं आणि दार लावून घेतलं. माळावर नेऊन त्याने ते सगळं जाळलं.

संध्याकाळी तो अंगणात शिरला, तशी नीवेस हात पसरून धावली.

"तिथेच थांब!" तो मागे सरला. "बाबांचे हात घाण झालेत. धुऊन येतो, मग घेतो तुला."

त्याने नळाखाली हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. मग कोपरापर्यंत, मग विटकरीने नखं घासली. ओतिलिया म्हणाली, "पुरे आता, निघालं असेल." त्याने हात नाकाशी नेले. कसलाच वास येत नव्हता, आणि भीती त्याचीच होती. त्याने पुन्हा साबण उचलला.

वाट पाहून पाहून नीवेस उंबऱ्यावरच झोपी गेली. तिला ओतिलियाने उचलून आत नेलं.